ग्रुप कॉन्कॅटची यादी अर्ध्यातच तुटते तेव्हा: नवशिक्यांसाठी मायएसक्यूएलमधला उपाय

गावनिहाय शेतकऱ्यांची नावं एका ओळीत. तालुकानिहाय दूध संकलन केंद्रं एका ओळीत. तुकडीनिहाय विद्यार्थ्यांचे हजेरी क्रमांक एका ओळीत. मराठवाड्यातल्या एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीसाठी, पतसंस्थेसाठी किंवा लातूर-नांदेडकडच्या शिकवणी वर्गासाठी सॉफ्टवेअर लिहायला बसलात, की असा अहवाल कुणीतरी मागतंच. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये त्यासाठी ग्रुप कॉन्कॅट हे फंक्शन आहे. गटातल्या सगळ्या ओळींमधला मजकूर ते स्वल्पविरामाने जोडून एका रकान्यात देतं.

अडचण अशी, की ही जोडलेली यादी ठरावीक लांबीला पोचली की मायएसक्यूएल ती तिथेच कापतं. क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) थांबत नाही, एरर येत नाही, अहवाल छापून निघतो. शंभर नावांच्या गावात साठ नावं दिसतात आणि उरलेल्या चाळीस जणांची आठवण ते स्वतः विचारायला येईपर्यंत कुणाला होत नाही. म्हणून मर्यादा वाढवण्याआधी यादी तुटली आहे हे ओळखायला शिकणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि या लेखात त्याला जास्त जागा दिली आहे.

लिहिण्याबद्दल एक खुलासा. खालच्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. सिलेक्ट, फ्रॉम, ग्रुप बाय यांसारखे मायएसक्यूएलचे शब्द, फंक्शनची नावं आणि आकडे तुम्ही इंग्रजीतच टाइप करा. जिथे खालची आडवी रेघ दिसते तिथे अंडरस्कोअर द्या. टेबल आणि रकान्यांची नावं मात्र मायएसक्यूएलला देवनागरीतही चालतात, त्यामुळे ‘तालुके’ हे टेबल तुम्ही जसंच्या तसं देवनागरीत बनवू शकता.

पहिली पायरी: सरावासाठी खरी यादी घ्या

‘अबक’, ‘टेस्ट १’ असला डेटा घेऊन हा दोष दिसत नाही. आपल्या मराठवाडा विभागातले ७६ तालुके घ्या. टेबलाचं नाव तालुके, त्यात तीन रकाने: क्रम, जिल्हा, तालुका. क्रम १ ते ७६ असा द्या आणि नावं याच ओळीने भरा:

छत्रपती संभाजीनगर जिल्हा: छत्रपती संभाजीनगर, पैठण, गंगापूर, वैजापूर, कन्नड, खुलताबाद, सिल्लोड, सोयगाव, फुलंब्री.
जालना: जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, परतूर, मंठा, अंबड, घनसावंगी.
बीड: बीड, गेवराई, माजलगाव, आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, अंबाजोगाई, केज, धारूर, परळी, वडवणी.
धाराशिव: धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परांडा, वाशी.
लातूर: लातूर, औसा, रेणापूर, अहमदपूर, चाकूर, उदगीर, जळकोट, देवणी, शिरूर अनंतपाळ, निलंगा.
नांदेड: नांदेड, अर्धापूर, मुदखेड, भोकर, उमरी, लोहा, कंधार, किनवट, हिमायतनगर, हदगाव, माहूर, देगलूर, मुखेड, बिलोली, धर्माबाद, नायगाव.
परभणी: परभणी, गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, मानवत, पालम, सेलू, जिंतूर, पूर्णा.
हिंगोली: हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ.

टेबल आणि कनेक्शन दोन्ही यूटीएफ८एमबी४ या कॅरेक्टर सेटमध्ये ठेवा. मराठी मजकुरासाठी आज दुसरा काही निवडायचं कारण नाही.

दुसरी पायरी: यादी तुटताना पाहा

आधी जिल्हानिहाय क्वेरी चालवा:

सिलेक्ट जिल्हा, ग्रुप_कॉन्कॅट(तालुका ऑर्डर बाय क्रम) फ्रॉम तालुके ग्रुप बाय जिल्हा;

आठही जिल्हे व्यवस्थित येतील. सोळा तालुक्यांचा नांदेड जिल्हा यात सगळ्यात मोठा गट आहे, तोही पूर्ण दिसेल. बहुतेक जण इथेच ‘चाललं’ म्हणून पुढे जातात. आता ग्रुप बाय काढून सगळ्या विभागाची एकच यादी मागा:

सिलेक्ट ग्रुप_कॉन्कॅट(तालुका ऑर्डर बाय क्रम) फ्रॉम तालुके;

मायएसक्यूएलची मूळ मर्यादा कुणी बदललेली नसेल, तर यादी छत्रपती संभाजीनगरपासून सुरू होईल, जालना, बीड, धाराशिव, लातूर ओलांडून नांदेडमध्ये शिरेल आणि ‘कंधार,किनव’ इथे संपेल. किनवटचा ‘ट’ गेला. त्यापुढचे नांदेडचे आठ तालुके, परभणीचे नऊ आणि हिंगोलीचे पाच, असे बावीस तालुके यादीतच नाहीत.

इथे ‘किनव’ दिसलं म्हणून निदान संशय तरी येतो. कापण्याची जागा नेमकी दोन नावांच्या मधे आली असती, तर यादी अगदी नीटनेटकी दिसली असती आणि हिंगोली जिल्हा गायब झाल्याचं कुणाच्या लक्षातही आलं नसतं. तुमच्याकडे यादी न तुटता सगळीच्या सगळी आली, तर तुमच्या संगणकावर बहुधा मारियाडीबी हा मायएसक्यूएलसारखाच दुसरा डेटाबेस आहे. त्याबद्दल पुढे सांगतो.

तिसरी पायरी: किनवटमध्येच का तुटली ते समजून घ्या

ग्रुप कॉन्कॅट किती लांब मजकूर देऊ शकतं हे ग्रुप_कॉन्कॅट_मॅक्स_लेन या व्हेरिएबलवर ठरतं. मायएसक्यूएलमध्ये त्याची मूळ किंमत १०२४ आहे. हे १०२४ म्हणजे बाइट, अक्षरं नव्हेत. मराठीत काम करणाऱ्याला हा फरक फार महाग पडतो.

इंग्रजी अक्षर यूटीएफ-८ मध्ये एक बाइट घेतं. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि चिन्ह म्हणजे फक्त व्यंजन नव्हे. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षरातला हलन्त, हे सगळे वेगवेगळे मोजले जातात. ‘ज्ञानोबा’ हे नाव डोळ्यांना तीन अक्षरांचं दिसतं. संगणकाच्या हिशेबात ज, हलन्त, ञ, काना, न, ओकार, ब, काना अशी आठ चिन्हं होतात, म्हणजे २४ बाइट. १०२४ बाइटांत अशी साधारण ३४१ चिन्हं मावतात. शेतकऱ्याचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असं पूर्ण लिहिलंत तर एका नावाला साठ-सत्तर बाइट सहज लागतात, आणि पंधरा-सोळा माणसांतच मर्यादा संपते. परदेशी उदाहरणं पाहून शिकणाऱ्याला ‘१०२४ भरपूर आहेत’ असं वाटतं त्याचं कारण तिथला मजकूर रोमन लिपीत असतो.

आपल्या ७६ तालुक्यांचा हिशेब असा. चिन्हं ४५५, प्रत्येकी तीन बाइट धरून १३६५. चार नावांमध्ये मोकळी जागा आहे, तिचे ४. मधले स्वल्पविराम ७५. एकूण १४४४ बाइट. हीच नावं कुणी रोमन लिपीत साठवली असती तर सगळी यादी १०२४ मध्ये आरामात बसली असती.

किनवटपर्यंत येताना १०१० बाइट खर्च होतात. उरतात १४. किनवटला हवेत १५. मायएसक्यूएल एखादं चिन्ह मधोमध तोडत नाही, म्हणून चौदात बसतील तेवढी चार पूर्ण चिन्हं, म्हणजे बारा बाइट, देऊन ते थांबतं. त्यामुळे आलेल्या उत्तराची लांबी १०२२ भरते. हा बारकावा लक्षात ठेवा, कारण ‘लांबी बरोबर १०२४ असेल तरच तुटलं’ अशी तपासणी कोडमध्ये लिहिली, तर मराठी मजकुरात ती बऱ्याचदा चुकेल. १०२२, १०२३, १०२४ यांपैकी काहीही येऊ शकतं.

चौथी पायरी: डेटाबेसने कापलं की पडद्याने?

पीएचपीमायअ‍ॅडमिन हे ब्राउझरमधून डेटाबेस हाताळायचं साधन मूळ सेटिंगमध्ये लांब मजकुराची पहिली पन्नास चिन्हं दाखवतं आणि पुढे तीन टिंबं देतं. ती यादी तुटलेली नसते, फक्त आखडून दाखवलेली असते. निकालाच्या वरच्या पर्यायांत पूर्ण मजकूर दाखवायची सोय आहे, ती निवडा. एक्सेलमध्येही एका चौकटीत ३२,७६७ चिन्हांपेक्षा जास्त मावत नाहीत, त्यामुळे अहवाल एक्सेलमध्ये काढत असाल तर कापणारा तिथेही बसलेला असू शकतो.

खात्री करायची तर पडद्यावर विसंबू नका, सर्व्हरलाच लांबी विचारा:

सिलेक्ट लेंग्थ(ग्रुप_कॉन्कॅट(तालुका ऑर्डर बाय क्रम)) फ्रॉम तालुके;

लेंग्थ बाइट मोजतं, कॅर_लेंग्थ चिन्हं मोजतं. इथे लेंग्थच हवं. १०२२ आलं तर सर्व्हरनेच कापलंय. १४४४ आलं तर डेटाबेस निर्दोष आहे, दोष दाखवणाऱ्या साधनात शोधा.

दुसरा पुरावा मायएसक्यूएल स्वतः देतं, पण हळू आवाजात. क्वेरी चालवल्याबरोबर, त्याच कनेक्शनवर ही आज्ञा द्या:

शो वॉर्निंग्ज;

ग्रुप कॉन्कॅटने ओळ कापली अशा अर्थाचा, १२६० क्रमांकाचा इशारा दिसेल. काळ्या पडद्यावरच्या कमांड लाइनमध्ये काम करत असाल तर निकालाखालीच ‘१ वॉर्निंग’ असं आलेलं असतं. पीएचपी किंवा पायथनमधून क्वेरी चालवली की हा इशारा आपण मुद्दाम विचारल्याशिवाय समोर येत नाही, म्हणूनच हा दोष वर्षानुवर्षं चालू सॉफ्टवेअरमध्ये पडून राहतो.

एक अपवाद आहे आणि तो चांगला आहे. ग्रुप कॉन्कॅटचं उत्तर इन्सर्ट सिलेक्टने दुसऱ्या टेबलात भरत असाल आणि सर्व्हर स्ट्रिक्ट मोडमध्ये, म्हणजे अयोग्य मजकूर भरू न देणाऱ्या कडक सेटिंगमध्ये, असेल, तर इशाऱ्याऐवजी सरळ एरर येतो आणि काम थांबतं. अशा वेळी काही जण वैतागून स्ट्रिक्ट मोडच बंद करतात. कृपा करून तसं करू नका. सर्व्हर बरोबर जागी अडवतोय.

पाचवी पायरी: किती लागणार ते मोजा

इंटरनेटवर बहुतेक ठिकाणी ‘दहा लाख टाका आणि मोकळे व्हा’ असा सल्ला मिळतो. छोट्या कामाला तो चालून जातो. पण आधी मोजलंत तर पुढे तपासायला एक पक्का आकडा हातात राहतो:

सिलेक्ट जिल्हा, सम(लेंग्थ(तालुका)) + काउंट(तालुका) - १ ॲज लागणारे_बाइट फ्रॉम तालुके ग्रुप बाय जिल्हा ऑर्डर बाय लागणारे_बाइट डिसेंडिंग;

शेवटचा शब्द टाइप करताना डिसेंडिंगचं चार अक्षरी लघुरूप लिहायचं असतं. नांदेडला २९१ बाइट दिसतील. ग्रुप बाय काढलंत तर सगळ्या विभागाचे १४४४. स्वल्पविरामासोबत मोकळी जागा देणार असाल तर जोडणी दोन बाइटांची होते, मग काउंटमधून एक वजा करून त्याला दोनाने गुणा. तेव्हा १५१९ येतात.

यादीत डिस्टिंक्ट (तीच किंमत एकदाच घेणारा शब्द) वापरणार असाल तर इथे सम(डिस्टिंक्ट लेंग्थ…) लिहायचा मोह आवरा. त्याने वेगवेगळी पण सारख्या लांबीची नावं एकच धरली जातात. चाकूर आणि उदगीर दोन्ही १५ बाइटांची आहेत, त्यांचे फक्त एकदाच १५ मोजले जातील. आधी आतल्या सबक्वेरीत डिस्टिंक्ट नावं काढा, मग बाहेर लांबी मोजा.

सगळ्यात मोठ्या गटाला लागणारे बाइट मिळाले की त्याच्या काही पट मर्यादा ठेवा. गावाची लोकसंख्या स्थिर राहते, पण खरेदी केंद्रावरच्या नोंदी सोयाबीनच्या हंगामात एकदम वाढतात.

सहावी पायरी: मर्यादा वाढवा, पण योग्य ठिकाणी

सगळ्यात सुरक्षित जागा म्हणजे तुमचं स्वतःचं कनेक्शन:

सेट सेशन ग्रुप_कॉन्कॅट_मॅक्स_लेन = १०००००;

यानंतर त्याच कनेक्शनवर तालुक्यांची क्वेरी पुन्हा चालवा. यादी ‘औंढा नागनाथ’वर संपेल आणि लेंग्थ १४४४ देईल. मोजलेला आकडा आणि आलेला आकडा जुळले म्हणजे काम झालं.

‘त्याच कनेक्शनवर’ हे शब्द मी पुन्हा पुन्हा लिहितोय, कारण नवशिक्यांची निम्मी डोकेदुखी इथेच असते. पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये सेटची आज्ञा आधी चालवली आणि सिलेक्ट नंतर वेगळी चालवली, तर फरक पडत नाही. ते प्रत्येक विनंतीला नवीन कनेक्शन उघडतं आणि जुन्याचं सेटिंग तिथेच संपतं. दोन्ही आज्ञा एकाच चौकटीत, एकाखाली एक लिहून एकदम चालवा. पीएचपीच्या कोडमध्ये कनेक्शन उघडल्या उघडल्या लगेच पुढच्या ओळीत ही आज्ञा द्या. फ्रेमवर्क वापरत असाल तर कनेक्शन सुरू होताना चालणारी आज्ञा देण्याची सोय त्याच्या डेटाबेस सेटिंगमध्ये शोधा. अहवालाच्या प्रत्येक फाइलमध्ये वेगवेगळी ओळ चिकटवत बसलात तर एखादी फाइल नक्की सुटेल.

शेअर्ड होस्टिंगवर असाल, आणि आपल्याकडच्या बहुतेक लहान संस्थांची कामं तिथेच असतात, तर हाच मार्ग तुमच्यासाठी आहे. सेशनपुरती मर्यादा बदलायला कुठलाही खास अधिकार लागत नाही.

सर्व्हर तुमच्या ताब्यात असेल तर सेट ग्लोबल वापरता येतं. मात्र ते फक्त त्यानंतर उघडणाऱ्या कनेक्शनना लागू होतं. ज्या खिडकीत तुम्ही आज्ञा दिली तिची मर्यादा जुनीच राहते, आणि ॲप्लिकेशनने कनेक्शन आधीच उघडून साठवून ठेवली असतील तर तीही जुनीच. ग्लोबल दिल्यावर ‘काहीच झालं नाही’ असं वाटलं तर बाहेर पडून पुन्हा आत या आणि ॲप्लिकेशनही पुन्हा सुरू करा. सर्व्हर बंद होऊन चालू झाला की ग्लोबलचा बदल पुसला जातो. तो टिकवायचा असेल तर मायएसक्यूएल ८.० पासून सेट पर्सिस्ट आहे. त्याआधीच्या आवृत्तीत सेटिंगच्या फाइलमध्ये, म्हणजे लिनक्सवर माय डॉट सीएनएफ आणि विंडोजवर माय डॉट आयएनआय, मायएसक्यूएलडी या विभागाखाली ग्रुप_कॉन्कॅट_मॅक्स_लेन = १००००० अशी ओळ लिहा आणि सर्व्हर पुन्हा सुरू करा. ती ओळ क्लायंटच्या विभागाखाली गेली तर तिचा उपयोग होत नाही.

८.० मध्ये आणखी एक सोय आहे. एकाच क्वेरीपुरती मर्यादा वाढवायची तर सिलेक्ट शब्दाच्या लगेच पुढे, अधिकचं चिन्ह असलेल्या कॉमेंटमध्ये सेट_वार नावाची सूचना देता येते. महिन्यातून एकदा चालणाऱ्या एखाद्या मोठ्या अहवालाला हे छान बसतं. मात्र ती लिहिताना चुकलात तर एरर येत नाही, फक्त इशारा येतो, तेव्हा शो वॉर्निंग्ज इथेही पाहा.

जास्तीत जास्त किती ठेवता येईल? ६४ बिट सर्व्हरवर आकडा प्रचंड मोठा चालतो, पण प्रत्यक्षात मॅक्स_अलाउड_पॅकेट या दुसऱ्या मर्यादेच्या पलीकडे जाता येत नाही. ८.० मध्ये सर्व्हरसाठी ती मूळची ६४ एमबी असते. आपल्या कामाला तिच्या जवळपास जायची वेळ येऊ नये. शंभर गावांच्या यादीला एक लाख ते दहा लाख बाइट पुरतात. त्याहून जास्त लागत असेल तर यादी एका ओळीत कोंबायची गरज खरंच आहे का, हा प्रश्न आधी सोडवा.

घरी पूर्ण, सर्व्हरवर अर्धी

उदगीरच्या किंवा अंबाजोगाईच्या घरी बसून झॅम्पवर (आपल्याच संगणकावर वेब सर्व्हर आणि डेटाबेस चालवणारा तयार संच) सॉफ्टवेअर तयार करायचं आणि नंतर होस्टिंगवर चढवायचं, असं काम करणारे खूप आहेत. झॅम्पमधला डेटाबेस नावाने मायएसक्यूएल दिसत असला तरी गेली अनेक वर्षं तो मारियाडीबी आहे. मारियाडीबीने १०.२.४ या आवृत्तीपासून ही मूळ मर्यादा १०२४ वरून थेट १०,४८,५७६ बाइट केली. म्हणून घरच्या संगणकावर सगळी यादी येते आणि होस्टिंगवर मायएसक्यूएल असेल तर तीच यादी किनवटला तुटते. कोड तोच, डेटा तोच, आणि माणूस आपल्या कोडमध्ये चूक शोधत रात्र घालवतो.

काम चढवण्याआधी दोन्हीकडे ही क्वेरी चालवून आकडे शेजारी लिहून ठेवा:

सिलेक्ट व्हर्जन(), @@ग्रुप_कॉन्कॅट_मॅक्स_लेन;

सगळ्यात धोक्याची जागा: आयडींची यादी

नाव तुटलं तर निदान माणसाला कळतं. आकडा तुटला तर तो दुसरा, तितकाच खरा दिसणारा आकडा होतो. समजा पाच अंकी शेतकरी आयडी ग्रुप कॉन्कॅटने जोडले आणि ती यादी पुढच्या क्वेरीला दिली. प्रत्येक आयडीचे पाच आणि स्वल्पविरामाचा एक, असे सहा बाइट. १७० आयडी १०२० बाइटांत बसतात आणि १७१ व्या आयडीचे पहिले चारच अंक येतात. १०४५७ चा झाला १०४५. टेबलात १०४५ क्रमांकाचाही शेतकरी असेल, तर पैसे जमा झाल्याचा निरोप भलत्याच माणसाला जाईल आणि खऱ्या माणसाला जाणारच नाही. पुढचे सगळे सुटतील ते वेगळंच.

इथे मर्यादा वाढवून समाधान मानू नका. आयडींची यादी मजकूर म्हणून एका क्वेरीतून दुसऱ्या क्वेरीत नेणं बंद करा. त्या जागी दोन टेबलं जोडणारं जॉइन लिहा किंवा इनच्या कंसात सबक्वेरी द्या. डेटाबेस ओळींवर काम करायलाच बनलाय. मजकूर जोडणं हे माणसाला दाखवण्यापुरतं, अगदी शेवटच्या टप्प्यावर करायचं काम आहे. त्याच कारणाने ग्रुप कॉन्कॅट वापरून हाताने जेसॉन (ॲपला डेटा पाठवायची मजकुराची ठरावीक मांडणी) तयार करू नका. तुटलेल्या जेसॉनचा शेवटचा कंस हरवतो आणि मोबाईल ॲप कोरं पडतं. मायएसक्यूएल ५.७.२२ पासून त्यासाठी जेसॉन_ॲरेॲग आहे आणि त्याला ग्रुप कॉन्कॅटची ही मर्यादा लागत नाही.

मर्यादा वाढवूनही यादी चुकीची येत असेल तर

नावं शेवटून नव्हे, मधूनच गायब असतील तर कारण वेगळं आहे. ग्रुप कॉन्कॅट नल, म्हणजे काहीच न भरलेल्या, किंमती वगळतं. तुम्ही कॉन्कॅटने नाव आणि मोबाईल नंबर जोडून ते ग्रुप कॉन्कॅटला दिलं असेल, तर ज्याचा मोबाईल नल आहे त्याची पूर्ण जोडणीच नल होते आणि तो माणूस यादीतून नावासकट जातो. कोअलेसने नलच्या जागी रिकामा मजकूर द्या किंवा कॉन्कॅट_डब्ल्यूएस वापरा.

एकच नाव पुन्हा पुन्हा येत असेल तर जॉइन तपासा. गावाला चाळीस शेतकरी आणि सहा खरेदी तारखा एकाच क्वेरीत जोडल्या, की चाळीस गुणिले सहा, दोनशे चाळीस ओळी होतात आणि प्रत्येक नाव सहा वेळा येतं. मर्यादा अशीच विनाकारण संपते. डिस्टिंक्ट लावून नावं एकदाच येतील, पण एका गावात एकाच नावाची दोन खरी माणसं आपल्याकडे सर्रास असतात, आणि डिस्टिंक्ट त्यांना एक करून टाकेल. शेतकऱ्यांची यादी वेगळ्या सबक्वेरीत तयार करून मग गावाला जोडणं हा खरा उपाय.

जोडचिन्ह बदलायचं तर ते फंक्शनच्या आत, शेवटी, सेपरेटर हा शब्द लिहून द्या. ग्रुप_कॉन्कॅट(नाव, ', ') असं लिहिलंत तर प्रत्येक नावामागे तुमचा स्वल्पविराम आणि वर मायएसक्यूएलचा स्वतःचा, असे दोन-दोन येतात. ऑर्डर बायही आतच लिहायचं असतं. ते नसेल तर नावं कुठल्या क्रमाने येतील याची हमी नाही, आणि यादी तुटली तर आज एकाचं नाव जाईल, उद्या दुसऱ्याचं.

आणि उत्तर एखाद्या टेबलात साठवत असाल तर तिथला रकानाही मोठा हवा. टेक्स्ट प्रकारात ६५,५३५ बाइट मावतात, म्हणजे देवनागरीची जेमतेम २१,८४५ चिन्हं. त्याहून मोठ्या यादीला मीडियमटेक्स्ट लागतं.

दुसरा डेटाबेस असेल तर

पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये स्ट्रिंग_ॲग आहे आणि तिथे मर्यादा एक जीबीच्या घरात असते, त्यामुळे हा प्रश्न सहसा येत नाही. ओरॅकलमध्ये लिस्टॲग मूळ सेटिंगमध्ये ४००० बाइटांवर अडतं, पण गुपचूप कापत नाही, ०१४८९ क्रमांकाचा एरर देतं. १२.२ आवृत्तीपासून ‘ऑन ओव्हरफ्लो ट्रंकेट’ लिहून कापायची परवानगी आपण स्वतः देऊ शकतो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये २०१७ पासून स्ट्रिंग_ॲग आहे. साधा मजकूर दिला तर ८००० बाइटांपुढे तेही एरर देतं, आणि आत देताना रकाना एनव्हारकॅर मॅक्स प्रकारात बदलला की अडचण सुटते. तिथल्या मॅनेजमेंट स्टुडिओत निकाल मजकुराच्या रूपात पाहत असाल तर मूळ सेटिंगमध्ये एका रकान्याची २५६ चिन्हंच दिसतात. म्हणजे चौथी पायरी तिथेही आधी करायची: लांबी सर्व्हरला विचारायची.